कुटकी: चमचाभर की चिमूटभर?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. वडील 58 वर्षांचे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. सोनोग्राफीत ग्रेड दोन फॅटी लिव्हर, एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, 78. कुणीतरी सुचवलं म्हणून 'हिमालयातली कुटकी' या नावाने मिळणारं चूर्ण मागवलं आणि पंधरा दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा कोमट पाण्याबरोबर घेताहेत. दिवसाला चार-पाच वेळा पातळ शौचाला होतंय, अंगात त्राण नाही. विकणारा सांगतो, ही शरीरातली घाण निघते आहे, चालू ठेवा. चालू ठेवावं का, आणि मुळात ही मुळी यकृताला खरंच चांगली आहे का, असे तुमचे मुख्य दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आजच बंद करा. मीठ-साखरेचं पाणी, ताक, मऊ भात द्या. ज्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलंय त्यांना आजच फोन करून जुलाबांचं सांगा. मेटफॉर्मिननेही काहींचं पोट ढिलं होतंच, आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी तशीच घेत राहणं बरं नाही. डोस थांबवायचा की कमी करायचा हे ते ठरवतील. जमल्यास क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियमही तपासून घ्या. आणि घाण वगैरे काही निघत नाहीये, पाणी आणि क्षार निघताहेत.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. कारण कुटकी चांगलीच आहे. अठ्ठावीस वर्षं वापरतोय, ती नसती तर माझा अर्धा दवाखाना अडला असता. पण ती चांगली म्हणजे कशी, हे विकणाऱ्याला माहीत नाही आणि डब्यावर छापलेलं नसतं.

शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या एका जुन्या ग्रंथात, औषधांच्या कर्मांच्या व्याख्या दिल्यात, आणि प्रत्येक व्याख्येला एकेक उदाहरण. भेदन म्हणजे काय? सुटा असो, बांधलेला असो की गाठी झालेला, तो मळ फोडून खाली पाडतं ते भेदन. उदाहरण कुठलं? कुटकी. म्हणजे आमच्याकडे विद्यार्थ्याला कुटकीची ओळख होते तीच मुळी पोट साफ करणारं औषध म्हणून. चरकाने तिला भेदनीय गणात घातलंय, तशीच लेखनीय गणातही, म्हणजे साचलेला मेद-कफ खरवडून काढणाऱ्या दहा द्रव्यांत. तिसरा गण ऐकून लोकांना नवल वाटतं, तो स्तन्यशोधनाचा, आईचं दूध शुद्ध करणाऱ्या द्रव्यांचा. आपल्याकडच्या जुन्या औषधी पुस्तकांत कुटकीला केदारकडू म्हटलंय आणि बाळकडूही. बाळकडू पाजणं हा वाक्प्रचार आपण नेत्यांच्या मुलांबद्दल वापरतो, पण तो निघाला बाळंतघरातूनच.

एकच मुळी, पण मात्रा बदलली की काम बदलतं. पाव ते अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूट-दोन चिमटी दिली तर भूक लागते, तोंडाला चव येते, पित्त नीट वाहतं. एक ग्रॅमच्या आसपास शौच मोकळं होतं. तीन ग्रॅमच्या पुढे ती विरेचन आहे, सरळ जुलाबाचं औषध. घरातला पोह्यांचा चमचा भरून चूर्ण घेतलंत तर साधारण तीन ग्रॅम भरतं. तुमच्या वडिलांनी सकाळ-संध्याकाळ मिळून सहा ग्रॅम, पंधरा दिवस. विरेचन आम्ही एक दिवस देतो, त्याच्या आधी पाच-सात दिवस तूप पाजून आणि नंतर पेज-भातावर ठेवून. पोटात पाणी साचणाऱ्या उदररोगासारखी दुखणी सोडली तर रोज विरेचन ग्रंथांत सांगितलेलं नाही.

खरं सांगायचं तर ग्रंथांत याहून मोठी मात्राही आहे. कफपित्ताच्या तापात साखरेबरोबर एक अक्ष कुटकी गरम पाण्यातून द्यावी असा एक जुना पाठ आहे. अक्ष म्हणजे दहा-बारा ग्रॅम! मी नवा नवा असताना या पाठाच्या जोरावर एका सत्तरीच्या आजींना तीन ग्रॅम दिली होती. अक्षाच्या पाव भागच तर देतोय, असं मनाशी म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दारात उभा. रात्रभरात अकरा वेळा, आणि पहाटे मोरीत चक्कर येऊन पडल्या. सुदैवाने हाड मोडलं नाही. तेव्हापासून कोठा मऊ की जड हे विचारल्याशिवाय माझ्या हातून कुटकीची पुडी बांधली जात नाही. कपभर गरम दूध प्यायल्यावर ज्याला शौचाला होतं, त्याचा कोठा मऊ. त्याला अर्धा ग्रॅमही पुष्कळ.

आता ही मुळी म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण तुमच्या डब्यात कुटकीच आहे का हाही प्रश्नच आहे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव पिक्रोऱ्हायझा कुरोआ. पिक्रोऱ्हायझा म्हणजे कडू मूळ, आणि कुरोआ हे पहाडी लोक हिला कडू, कौड म्हणतात त्यावरून. काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत, साधारण तीन हजार मीटरच्या वर, जिथे झाडं संपतात आणि गवताळ बुग्याळं सुरू होतात तिथे दगडांच्या सांदीत ही वाढते. झुडूप नव्हे, जमिनीलगत पानांचा पुंजका आणि त्यातून वर येणारा निळसर फुलांचा तुरा. वापरतात ते जमिनीत आडवं सरपटणारं खोड आणि त्याची मुळं. नेपाळ आणि तिबेटच्या बाजूला हिची सख्खी बहीण होते, निओपिक्रोऱ्हायझा. बाजारात दोन्ही कुटकी म्हणूनच येतात.

आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीकडचे रुग्ण कधीकधी गोंधळतात, कारण तिकडे कुटकी म्हणजे कोदो-कुटकीतलं बारीक धान्य. त्याचा भात होतो. याचा भात होत नाही!

मुळी ओळखायची तर तिची संस्कृत नावं पुरतात. काष्ठौषधीच्या दुकानात चूर्ण न मागता अख्खी कुटकी मागा. करंगळीहून बारीक, बोटाच्या एका-दोन पेरांएवढे राखाडी-तपकिरी तुकडे, उभ्या सुरकुत्या पडलेले. एका टोकाला पानांच्या वाळक्या खवल्यांचं वेष्टन असतं, ते माशाच्या खवल्यांसारखं दिसतं, म्हणून मत्स्यशकला. तुकडा दोन बोटांत धरून वाकवा, वाकणार नाही, कट्कन तुटेल. तुटल्या जागी आत काळपट, म्हणून कृष्णभेदा, आणि त्या काळ्यात पांढुरक्या ठिपक्यांचं कडं, चाकासारखं, म्हणून चक्रांगी. मग तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवा. आधी काहीच नाही, मग एकदम घशापर्यंत कडू, आणि ते जात नाही. चहा प्या, गूळ खा, पंधरा-वीस मिनिटं जीभ कडूच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो. चूर्णात यातलं फक्त कडूपण शिल्लक राहतं, आणि कडू तर पुष्कळ गोष्टी असतात. लागोटिस नावाच्या त्याच डोंगरातल्या दुसऱ्या वनस्पतीची मुळं, जेन्शियन कुरू, अशी भेसळ हिच्यात नेहमीची. एकदा एका व्यापाऱ्याकडून मला पाच किलो माल आला, तुकडे लांब, फिकट, वाकवले तर चिवट. आतलं चाक गायब. परत पाठवला. पुढचा महिनाभर मी गुळवेल-किराइतावर काम काढलं.

यकृताबद्दल. चरकाने कावीळ झालेल्याला मृदू आणि कडू द्रव्यांनी विरेचन द्यायला सांगितलंय. फलत्रिकादि काढा त्याच धाटणीचा आहे: त्रिफळा, गुळवेल, अडुळसा, कुटकी, किराईत, निंब, वरून मध. केरळात पटोलकटुरोहिण्यादि कषाय तेच काम करतो. आणि आरोग्यवर्धिनी या गोळीचा पाठ बघितलात तर बाकी सगळ्या द्रव्यांचं मिळून जेवढं वजन होतं तेवढी एकटी कुटकी, म्हणजे गोळीचा निम्मा भाग. पण त्याच गोळीत पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असतं, म्हणून ती परस्पर दुकानातून घेऊन महिनोन् महिने खायची चीज नव्हे.

आधुनिक अंगाने बघायचं तर कडूपणातलं मुख्य द्रव्य कुटकिन. ते एकच रसायन नाही, पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड यांचं मिश्रण आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने यातून पिक्रोलिव्ह नावाचं प्रमाणित द्रव्य काढलं, आणि उंदरांवर पॅरासिटामॉल, अल्कोहोल, कार्बन टेट्राक्लोराइड अशा यकृत बिघडवणाऱ्या गोष्टींविरुद्ध ते वापरून पाहिलं. यकृत वाचतं आणि पित्ताचा स्राव वाढतो, असं त्यात दिसलं. माणसांवरचं काम फार थोडं आहे, पण त्यातलं एक मुंबईत झालेलं. 1980 साली आरोग्यवर्धिनीची विषाणुजन्य काविळीत चाचणी प्रसिद्ध झाली, आणि 1996 साली नुसत्या कुटकीची. त्या दुसऱ्या चाचणीत पंधरा रुग्णांना कुटकीचं चूर्ण दिलं, अठरांना तसंच दिसणारं निरुपयोगी चूर्ण. देणाऱ्यालाही माहीत नव्हतं कुणाला काय मिळतंय. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, अडीचपर्यंत उतरायला कुटकीच्या गटाला सरासरी साडेसत्तावीस दिवस लागले, दुसऱ्या गटाला शहात्तर.

आकडा डोळ्यात भरतो. आमचे लोक भाषणांत तो फेकतात. पण एकूण रुग्ण तेहतीसच, आणि साध्या विषाणुजन्य काविळीला उतरायला सरासरी शहात्तर दिवस लागणं हे मला तरी जास्तच वाटतं. म्हणून मी त्याला आशादायक म्हणतो, सिद्ध म्हणत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: मात्रा. 375 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. म्हणजे दिवसभरात सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. तुमच्या वडिलांनी त्याच्या पाचपटीहून जास्त घेतली. गुण ज्या मात्रेत दिसला ती चिमटीची आहे, चमच्याची नाही.

आणि कावीळ म्हटलं की एक गोष्ट मी कधीच घाईत उरकत नाही. आपल्याकडे अजूनही लोक कावीळ उतरवून घेतात. गळ्यात माळ घालतात, ती लांब होत जाते. हाताला चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवतात. तेवढ्याने बहुतेकांचं काही बिघडत नाही, कारण साधी विषाणूची कावीळ तशीही उतरते. बिघडतं ते पित्ताची नळीच अडलेली असते तेव्हा. चरकाने हा भेद स्वच्छ लिहून ठेवलाय. ज्या काविळीत शौचाचा रंग वाटलेल्या तिळासारखा, पांढुरका होतो, तिथे पित्त कोठ्यात उतरतच नाहीये, वाट कफाने अडली आहे. तिथे कडू-थंड विरेचन आधी द्यायचं नाही. आधी वाट मोकळी करायची, शौचाला पुन्हा पिवळा रंग आला की मग विरेचन. आजच्या भाषेत, पित्ताचा स्राव वाढवणारं औषध बंद नळीच्या मागे देऊ नये.

वाट कशाने अडलीय हे चरकाच्या काळी लक्षणं बघूनच ठरवावं लागे, आज तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, डोळे हळदीसारखे, अंगाला खाज. घरी महिनाभर कुटकी-भुईआवळी चालू होती. मी फक्त शौचाचा रंग विचारला. म्हणाले, "पांढुरकं होतंय डॉक्टर, चुना कालवल्यासारखं." मी औषध लिहिलंच नाही, सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. पित्तनलिकेत खडा निघाला. खडा दुर्बिणीतून काढल्यावर चार दिवसांत रंग उतरला. नशीब म्हणायचं, अशा वयात कधीकधी खड्याऐवजी स्वादुपिंडाची गाठ निघते आणि महिना वाया जाणं परवडत नाही.

तुम्ही विचारलं होतं की चीन-तिबेटमध्येही हीच मुळी वापरतात का. वापरतात, आणि गंमत अशी की फारसं वेगळं नाही. चिनी औषधीशास्त्रात ती हू हुआंग लियेन, म्हणजे 'परदेशी हुआंग लियेन'. खरी हुआंग लियेन त्यांच्याकडची वेगळी, कॉप्टिस नावाची, तीही कडूजहर. हिचे उपयोग ते सांगतात ते हाडांत मुरलेला ताप, उष्ण-ओलसर प्रकारची आव आणि कावीळ, मूळव्याध, आणि लहान मुलांचं ते एक दुखणं ज्यात पोट मोठं, हातपाय काड्या आणि संध्याकाळी अंग तापतं. आमच्या भावप्रकाशातली यादी शेजारी ठेवा: ताप, दाह, कृमी, प्रमेह, त्वचारोग. तिबेटी वैद्यकात तिला होंगलेन म्हणतात आणि रक्त-पित्ताच्या उष्णतेवर देतात. श्रीलंकेत कुटकी उगवत नाही, तरी तिथल्या वैद्यांच्या काढ्यात कटुकरोसण असतेच. कडू, थंड, पित्ताला उतारा आणि पोराच्या पोटाला औषध, इथपर्यंत हिमालयाच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

या सगळ्यांना माल पुरवायचा तो त्याच बुग्याळांतून. मुळी काढली की झाड संपलं. 1997 पासून कुटकी साइटिस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परदेशी व्यापाराला परवाने लागतात. तिच्याच डोंगरांतली कोष्ठ नावाची औषधी वनस्पती तर त्याहून कडक नियमांच्या पहिल्या परिशिष्टात जाऊन बसली. आता उत्तराखंडात लागवड होते, चमोलीतल्या घेस गावाचं नाव त्यासाठी घेतलं जातं. खोडाचे तुकडे लावायचे, आणि हाताशी माल यायला तीनेक वर्षं थांबायचं. म्हणून खरी कुटकी स्वस्त नसते. चमचा-चमचा खाता येईल इतक्या भावात कुणी विकत असेल तर ते काय विकतंय हे मला तुमच्याआधी बघायला आवडेल.

वडिलांच्या फॅटी लिव्हरकडे येतो. मी काय केलं असतं ते सांगतो, पण हे तपासल्याशिवायचं आहे हे ध्यानात ठेवा. जुलाब थांबून आठवडा गेला, भूक आली, की पहिली गोष्ट वजन. वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवलं तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, हे आजच्या घडीला सगळ्यात भक्कम उत्तर आहे, आणि त्यात कुटकीचा काही संबंध नाही. ऐंशी किलोंच्या माणसाचे सहा ते आठ किलो. संध्याकाळचं फरसाण, रात्री उशिराचं जेवण, आणि दारू असेल तर ती, यांना हात न लावता कुठलीही मुळी खाल्ली तरी पुढची सोनोग्राफी तशीच येईल.

मग कुटकी. लेखनीय म्हणून मी ती इथे वापरतो, पण एकटी नाही. पुनर्नवा आणि गुळवेलीबरोबर, दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, जेवणाआधी, सहा आठवडे. त्याआधी एसजीपीटी, बिलिरुबिन, साखर, आणि सहा आठवड्यांनी परत तेच. गुळवेल देताना मी हल्ली आधीच्या यकृताच्या दुखण्यांची चौकशी जरा जास्तच करतो, कारण गुळवेलीनेही काही जणांचं यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. एसजीपीटी वाढला तर सगळंच बंद, मग ते औषध कितीही नैसर्गिक असो. मधुमेहाच्या गोळ्यांवर असताना कडू औषधांनी साखर आणखी उतरू शकते, म्हणून पहिले पंधरा दिवस घरचं ग्लुकोमीटर हाताशी हवं. गर्भवतीला मी कुटकी देत नाही. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेलं असून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनाही नाही. ज्यांना आधीच आतड्यांची सूज आहे, वजन उतरत चाललंय, अंग कोरडं पडलंय त्यांना तर नाहीच. ती रूक्ष आहे, वाळवते. तान्ह्या बाळाला घरच्या घरी बाळकडू म्हणून उगाळून देणंही सोडून द्या. गुटीत कुटकी घालायची की नाही हे वैद्याने बाळ बघून ठरवायचं.

शेवटी तुम्ही लिहिलंय, आई विचारते की कडू लागू नये म्हणून दुधातून दिली तर चालेल का. नको. दूध फाटल्यासारखं लागेल आणि वडील पुन्हा दूधही पिणार नाहीत. जेव्हा केव्हा पुन्हा सुरू कराल तेव्हा काळ्या मनुकेतलं बी काढून त्यात चिमटीभर चूर्ण भरायचं, मनुका दाबून बंद करायची आणि न चावता पाण्याबरोबर गिळायची. तोवर डब्यातलं चूर्ण राहू द्या, फेकू नका. येताना तो डबा घेऊन या, आणि जमलं तर दुकानातून अख्ख्या कुटकीचे चार तुकडेही.